मोठीआई आणि तीन फोन

मोठीआई कोणतीही वस्तू दुकानातच कामाला लावून पाहिल्याशिवाय विकत घेत नसे. छत्री घ्यायची तर दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागायची, छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरायची आणि वरून पाणी ओतायची. मी भिजलो की छत्री नापास. कुलूप वीस वेळा लावायची आणि वीस वेळा उघडायची. कात्री घ्यायला बूढ़ापाऱ्याच्या बाजारात जाताना तर घरूनच ओल्या कापडाची चिंधी घेऊन निघायची, कारण कोरडं कापड काय, कोणतीही कात्री कापते. दुकानदार वैतागला की शांतपणे म्हणायची, "भैया, घर ले जाके रोने से अच्छा है, यहीं देख लूं."

मोठीआई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून रायपूरला येऊन राहिलेल्या आमच्यासारख्या घरांत मोठ्या काकूला मोठीआई म्हणायची पद्धत आहे. मी सहावीत असताना माझी आई गेली. वडील सतत ड्युटीवर असायचे. तेव्हा गुढ़ियारी मोहल्ल्यातल्या आपल्या दोन खोल्यांत मोठीआईनं मला आणलं आणि कॉलेज संपेपर्यंत ठेवून घेतलं. ती ब्लाऊज शिवायची. अर्ध्या गुढ़ियारीच्या बायांची मापं तिला तोंडपाठ होती. शिवून शिवून तिची बोटं पुढे पुढे वाकडी होत गेली, इतकी की भाकरी तिला तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं थापावी लागे.

लग्न होऊन ती आर्वीहून इथं आली, त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत छत्तीसगढीतला एकच शब्द तिनं घरात येऊ दिला, तो म्हणजे 'हव', आपलं 'हो'. बाकी सगळं आर्वीचं. शाळेत, गल्लीत, क्रिकेटमध्ये मी दिवसभर हिंदी बोलायचो आणि त्याच तोंडानं घरात शिरायचो. "बड़ी माँ, भूख लगी है," असं म्हटलं की ती मशीन चालवतच राहायची. दुसऱ्यांदा म्हटलं तरी तेच. मग मी म्हणायचो, "मोठीआई, भूक लागली." लगेच मशीन थांबायची. "काहून रे पोट्ट्या, मंघापासून सांगता येत नव्हतं?" म्हणत ती उठायची. पोट्ट्या हे माझं नाव. खरं नाव ती फक्त शाळेच्या फॉर्मवर लिहायची.

पुढे मी समता कॉलोनीतल्या एका मोबाईलच्या शोरूममध्ये लागलो आणि काही वर्षांनी तिथलाच मॅनेजर झालो. बायको हिंदी घरातली. मुलांना मराठी समजते, पण उत्तर हिंदीतच येतं. दुकानातली पोरं मला इथलाच समजायची. मी कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटायचं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, गिऱ्हाइकापुढे गुळगुळीत हिंदी आणि मध्येमध्ये पेरलेलं इंग्रजी. त्या सगळ्यात 'मले-तुले' कुठं बसवायचं?

मोठीआईची धाकटी बहीण कांतामावशी आर्वीला राहायची. दुपारची जेवणं आटोपली की दोघींचा फोन ठरलेला. कोणाच्या घरी कोण आलं, कोण गेलं, आज वांगी कशी केली, असं अर्धा तास चालायचं. हळूहळू कांतामावशीचे कान गेले. कानात घालायचं यंत्र आणलं, त्याचाही उपयोग होईना. "मी इकून बोलून राहिली अन् थे तिकून आपली हॅलो हॅलो करून राहिली," मोठीआई सांगायची. सांगताना हसायची, पण हसू पूर्ण व्हायचं नाही. कांतामावशीच्या नातवानं तिला मेसेज वाचायला-लिहायला शिकवलं. पण इकडून लिहिणार कोण? मोठीआईनं शेजारणीच्या फोनवर लिहून पाहिलं. एक अक्षर दाबायला जावं तर त्या वाकड्या बोटांखाली तीन उमटायची.

शेजारणीकडूनच तिला कळलं, की बोललं की आपोआप लिहून देणारे फोन असतात. तिनं मला बोलावून घेतलं. मी धंद्यातला माणूस. कागदावर रेघा मारून तीन मोठ्या कंपन्यांचे फोन शेजारी शेजारी मांडले. कॅमेरा, बॅटरी, स्क्रीन, मेमरी, वॉरंटी. तिनं तो कागद शिलाईच्या मापाचा कागद असावा तसा लांब धरून पाहिला.

"फोटो काय या बोटाईचा काढू? मले एवढंच सांग, मायी बोली याच्यातल्या कोनाले समजते?"

तो रकाना माझ्या कागदात नव्हता. मी म्हणालो, "दुकानात ये, बोलून पाहू. पण मंगळवारी दुपारी ये." मंगळवारी दुपारी दुकान रिकामं असतं. तिला वाटलं, मी निवांत वेळ देतो आहे. मला ती गर्दीत नको होती.

ती शनिवारी संध्याकाळी आली. मंगळवारपर्यंत तिला थांबवलं नाही, कारण शेजारणीच्या फोनवर कांतामावशीचा मेसेज आला होता: 'बोलत काहून नाही? रागावली काय?' तो वाचून तिनं मशीनवरचं काम तसंच सोडलं आणि रिक्षा केली. नेमके त्या संध्याकाळी कंपनीचे मोठे साहेब दुकानात आले होते. गिऱ्हाइकं दाटली होती. ती दारातूनच ओरडली, "पोट्ट्या, कोठी हायेस रे?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. काउंटरवरच्या मुलीला डोळ्यानंच खुणावलं आणि साहेबांना विक्रीचे आकडे सांगत राहिलो.

मुलीनं तिच्यापुढे तीन फोन ठेवले. मोठीआईनं त्यांना डब्यांच्या रंगावरून नावं दिली. पांढरा, निळा, नारिंगी. मग साडीचा पदर सावरून एकेकाला तोंडाशी धरून तेच वाक्य बोलायला सुरुवात केली, "कांता, मी रागावली नाही. मले तुयी लय याद येऊन राहिली." आवाज फोनसाठी नव्हता, आर्वीपर्यंत पोचायला हवा असा होता. लोक वळून पाहू लागले.

पांढऱ्यानं सगळं इंग्रजी अक्षरांत काहीतरी उमटवलं. निळ्यानं लिहिलं, 'मला तुझी लय याद येऊन राहिली.' तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "हा मास्तर हाय. मले चं मला करते." पण ती खूश झाली होती. "चालते, कांता समजून घेईन," असं पुटपुटत तिनं तो फोन बाजूला काढून ठेवला. पण नियम म्हणजे नियम. तिसरा तपासल्याशिवाय सोडायचा नाही. नारिंगीवर हिंदी लावलेली होती. त्यानं लिहिलं, 'कांटा मैं राग वाली नाही मलाई तू ही लाई याद.' काउंटरवरची मुलगी खुदकन हसली. मोठीआईही हसली. "हा तं मलाई मागून राहिला वं!"

साहेब तिकडे वळले. "ये कौन सी भाषा है भाई?" त्यांनी हसत विचारलं. मग माझ्याकडे पाहून, "आपको जानती हैं क्या? रिश्तेदार हैं?"

उत्तर द्यायला मला क्षणही लागला नाही. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. अडखळलो असतो तरी आज थोडं बरं वाटलं असतं.

"नहीं सर," मी म्हणालो, "मोहल्ले की आंटी हैं."

साहेबांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. मी मोठीआईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, हातातल्या फोनकडे पाहत होती. तो अजून ऐकत होता. मी दोनच हातांवर उभा होतो. तिच्या वाक्याची ज्यानं भाजी करून टाकली होती, त्याच नारिंगीनं माझं वाक्य काना-मात्रेची चूक न करता लिहिलं होतं. 'नहीं सर मोहल्ले की आंटी हैं.' तिनं ते वाचलं. शिवणीचा टाका तपासावा तसं परत एकदा वाचलं.

मग तिनं निळा फोन परत सरकवला आणि नारिंगी माझ्यापुढे धरला.

"ये वाला दे दीजिए भैया," ती म्हणाली. "ये सही लिखता है."

तो तिच्या कामाचा नाही, हे त्या दुकानात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. निळा द्यायला हवा होता. किंवा नारिंगीवरच मराठी लावून द्यायची, दोन बोटांचं काम होतं. पण साहेब चार पावलांवर उभे होते आणि ती लवकर जावी असं मला वाटत होतं. मी डबा बांधून दिला. रिक्षापर्यंतही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुढ़ियारीला गेलो. दारातच म्हणालो, "मोठीआई, चुकलो मी." तिनं मशीन थांबवली. "अरे, कोई बात नहीं. बैठिए, चाय बनाती हूँ." मला वाटलं, रागावली आहे, दोन दिवसांत निवळेल. पण ती रागावलेली नव्हती. हसून बोलायची, मुलांची चौकशी करायची, डब्यात तिळाची चटणी भरून द्यायची. फक्त सगळं हिंदीत, आणि 'आप' लावून. दर वेळी मी म्हणायचो, "फोनवर मराठी लावून देतो." ती म्हणायची, "रहने दीजिए, काम चल रहा है." मी मराठीत विचारावं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यावं, असं दोन वर्षं चाललं. तिच्याशिवाय रायपुरात माझ्याशी मराठी बोलणारं कोणी उरलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मग तिनं खोल्या सोडल्या, मशीन शेजारणीला दिली आणि कांतामावशीकडे आर्वीला जाऊन राहिली. स्टेशनवर मी तिचं सामान चढवलं. "संभल के जाइए भैया," ती मलाच म्हणाली. वर्षभरानं ती तिथंच वारली.

तेरवीला मी आर्वीला गेलो. अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती. कांतामावशीनं मला जवळ बसवलं आणि आपला फोन माझ्या तोंडासमोर धरला. नातवानं त्यावर मराठी लावून दिली होती. "बोल बाबू, मी वाचते," ती म्हणाली. सांत्वनाची दोन वाक्यं बोलायची असं मी ठरवलं होतं. ती बोलून झाली, पण मला थांबता आलं नाही. साहेब, मोहल्ल्यातली आंटी, स्क्रीनवर उमटलेलं ते वाक्य, मी न दिलेला निळा फोन, सगळं सांगून टाकलं. कितीतरी वर्षांनी मी वऱ्हाडीत बोलत होतो आणि फोन माझ्याही मलेचं मला करत होता. कांतामावशी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत राहिली.

वाचून झाल्यावर ती बोलली. कान गेलेली माणसं बोलतात तशी, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"हे तं तिनं मले कधी सांगतलंच नाही! मीच तिले लिहून विचारलं होतं, का बाई, तू मले हिंदीत काहून लिहून राहिली? तं म्हणे, फोनच तसा हाय. पण माया पोट्ट्यानं निवडून देल्ला हाय, थो काय मले चुकीचा देईन?"

समोर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहून कौतुकानं मान डोलावली.