चिटणिसाचा वाटा

एका शनिवारी आमच्या कॉलेजात विद्यार्थी मंडळाची सभा झाली. मंडळाच्या चिटणिसाला दरमहा मानधन द्यावं, असा ठराव मांडला गेला. मी ठरावाविरुद्ध बोललो. ठराव फेटाळला गेला. पंधरा दिवसांनी चिटणिसाने कॉलेज सोडलं. चिटणीस माझा मित्र होता.

तो वारला त्याला आता दीड वर्ष होत आलं. एवढं लिहायला मला त्यातला बराच वेळ लागला. दर वेळी पहिल्या ओळीपाशी थांबत होतो, कारण पुढची ओळ सजवून लिहिण्याचा मोह व्हायचा. तो मोहच या गोष्टीच्या मुळाशी आहे.

साठ सालानंतरचे ते दिवस. मालवण किनाऱ्यावर कॉलेज म्हणजे अजून नवलाई होती. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं आणि पावसाळ्यात वर्गात ठेवलेली दोन घमेली. मुलं लांबून यायची. कोणी कणकवलीहून, कोणी थेट घाटाच्या पायथ्यापासून. त्यांना राहायला खोली लागे, जेवायला खाणावळ लागे, फीमाफीचे अर्ज भरून द्यायला कोणी लागे. हे सगळं चिटणीस करायचा. मंडळाच्या नियमांच्या पुस्तकात चिटणिसाची कामं म्हणून सभेचं इतिवृत्त आणि स्नेहसंमेलन एवढंच लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो एसटीच्या कंट्रोलरशी भांडून लांबच्या मुलांना मिळावी म्हणून संध्याकाळची गाडी अर्धा तास उशिरा सोडायला लावायचा. विधवा आजीबाईंच्या ओसऱ्या भाड्याने मिळवायचा. फीमाफीच्या अर्जांना मामलेदार कचेरीतले दाखले लागत. त्यासाठी तो तिथल्या बाकावर दिवस दिवस बसून राहायचा.

त्याचं घर रापणकारांचं होतं. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसं ओढत आणतात. मग वाळूवर मासळीचे ढीग लागतात. जाळ्याचे वाटे वेगळे, होडीचे वेगळे आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक. त्याच्या वडिलांची पाठ धरल्यापासून घरात ओढणारा तो एकटाच होता. त्याचा वाटा आला तर चूल पेटायची. कॉलेज दुपारचं असल्यामुळे आधीची दोन वर्षं त्याचं निभावलं. चिटणीस झाल्यावर सकाळ कचेरीत जायला लागली आणि रापण चुकायला लागली.

एका सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा किनाऱ्यावर गंमत म्हणून दोर धरला. हाताला फोड आले आणि अर्ध्या तासात मी बाजूला झालो. वाटे घातल्यावर त्याची आई एक वाटा उचलून माझ्यासमोर घेऊन आली.

मी म्हणालो, "मी काय केलं? मला नको."

"दोर धरल्यात ना, भटानू? मगे तुमचो वाटो आसाच."

"आमच्यात मासे चालत नाहीत."

"मगे नारळ घेवा. हात हालवीत जाव नुको. लोक माका नावा ठेवतले."

दोन नारळ घेऊन मी परत आलो. तेव्हाच त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. रापणीच्या कामासाठी एखाद्याला कचेरीत पाठवलं आणि त्यामुळे तो ओढायला नसला, तरी त्याचा वाटा वाळूवर राहतो. कोणी कुरकुर करत नाही. "कचेरीत गेलो तो काय निजान नाय रवलो," तो म्हणाला.

पुढे त्याला मानधनाचं सुचलं ते या चालीतून. पैशाची हाव म्हणून नव्हे. तो म्हणाला, दोनशे मुलांच्या कामाला मी जातो, तर दोनशे मुलांनी माझा वाटा ठेवावा. मंडळाच्या निधीतून संमेलनाला मखमली पडदा येऊ शकतो, तर हेही होऊ शकतं. आणि माझ्यानंतर कोणा गरिबाला उभं राहायचं असेल तर तो राहील.

ठराव वैभववाडीकडून आलेला एक वर्गप्रतिनिधी मांडणार होता. त्याला याच चिटणिसाने खोली मिळवून दिली होती. पण तो बुजरा होता. पाठिंब्याचं भाषण मी करायचं ठरलं.

"माज्या तोंडान माजाच मागणा बरा दिसाचा नाय," मित्र म्हणाला. "तुका बोलूक येता. तू बोल."

"बोलतंय," मी म्हणालो.

त्याने एक कागद माझ्या हातात दिला. मागच्या आठवड्यात त्याने कुठल्या दिवशी काय काम केलं, ते त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं. सोमवार, दाखल्यांसाठी कचेरी. मंगळवार, दोन मुलांची खोली. बुधवार, तापाने आजारी मुलाला त्याच्या गावी पोचवून परत. असं शनिवारपर्यंत. खाली एकच ओळ होती: या आठवड्यात रापणीला एकदा गेलो.

तीन संध्याकाळी मी त्या भाषणाला बसलो. मी तेव्हा कॉलेजातला वक्ता समजला जायचो. वक्तृत्व स्पर्धेत दोन पेले मिळवलेले होते. पण त्या कागदातून भाषण होईना. कचेरी, खोली, ताप. वाक्यं उठतच नव्हती. मग विरोधी बाजू काय बोलेल याचा अंदाज घ्यावा म्हणून मी ती बाजू लिहायला घेतली आणि तिथे वाक्यं आपोआप आली. निरपेक्षता, त्याग, नव्या देशाची तरुण पिढी. "सेवेला दाम लागला की सेवा संपते आणि चाकरी सुरू होते." हे वाक्य लिहिल्यावर मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. इतकं ते मला आवडलं.

माझा विचार बदलला होता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तो बदलला नव्हता. मला फक्त ते वाक्य कोणाला तरी ऐकवायचं होतं.

सभेला हॉल भरलेला होता. प्राचार्य कोपऱ्यात बसले होते. चिटणीस म्हणून मित्र टेबलाशी, इतिवृत्ताची वही उघडून. वैभववाडीच्या मुलाने ठराव वाचला तेव्हाच मागून कोणीतरी ओरडलं, "चिटणिसानू, पगाराबरोबर पेन्शन पण होयी काय?"

दुसरा म्हणाला, "पगार नको, बांगडे देवा त्येका!"

हॉल हसला. मी पण हसलो. मोठ्याने नाही. पण त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा माझं तोंड हसतं होतं.

मग माझं नाव पुकारलं. त्याने वहीतून मान वर करून मला डोळ्यांनीच 'बोल' म्हणून खूण केली. माझ्या एका खिशात त्याचा कागद होता आणि हातात माझा. मी माझा वाचला.

चाकरीचं वाक्य आलं तेव्हा टाळ्या पडल्या. प्राचार्यांनीही मान डोलावली. बोलताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याच्या टाकाचा आवाज मला ऐकू येत होता. माझं भाषण तो इतिवृत्तात उतरवत होता. तेच त्याचं काम होतं.

मी खाली बसल्यावर त्याला उत्तर द्यायचा हक्क होता. त्याच्याकडे उत्तर होतं. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्या घरी धामापूरच्या बाजूला येऊन चार दिवस राहिला होता. माझे वडील गावच्या देवीची पूजा करत आणि त्याबद्दल आमच्याकडे भाताची जमीन होती. जेवताना त्याने सहज विचारलं होतं, हे तांदूळ कुठल्या शेतातले? वडील अभिमानाने म्हणाले होते, "देवीची चाकरी करतो, बाबा. तीच पोसते." तोच भात तो जेवला होता. दोन नारळांचंही त्याला ठाऊक होतं. सेवेचा वाटा मी आयुष्यभर खात आलो आहे, हे त्या हॉलमध्ये फक्त त्याला माहीत होतं. त्याने तेवढं एक वाक्य म्हटलं असतं तर हॉल माझ्यावर हसला असता.

अध्यक्षांनी विचारलं, "चिटणिसांना काही म्हणायचंय?"

"नाही," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "मतदान घ्यावं."

हात वर झाले. ठरावाच्या बाजूने सात. माझा हात सातांत नव्हता.

बाहेर पायरीवर तो मला भेटला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरा बोललंस रे," म्हणाला. त्यात कुत्सितपणा असता तर मला सोपं गेलं असतं. नव्हता. त्याला भाषण खरोखरच आवडलं होतं, असं मला वाटतं.

आठ दिवसांत त्याला 'पगारी चिटणीस' हे नाव पडलं. खाणावळीत त्याने चहा मागवला तरी कोणीतरी विचारी, मंडळाच्या खात्यावर का? मी तिथे असायचो. माझा चहा पीत असायचो.

पुढच्या आठवड्यात तो एकदा म्हणाला, "पद ठेवलंय तर रापण चुकता. पद सोडलंय तर म्हणतले, पगार गावलो नाय म्हणान सोडल्यान. तूच सांग, काय करू?"

मी म्हणालो, "बघ. विचार कर."

एवढंच म्हणालो. मी सगळ्यांना सांगतो की माझं चुकलं, असं काही म्हणालो नाही. सांगायला मला एक बैठक पुरली असती.

त्याने फीमाफीचे सगळे अर्ज पुरे केले. गठ्ठा घेऊन तो एसटीने रत्नागिरीला गेला, पोच घेऊन आला, पोच प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. त्याचा स्वतःचा अर्ज त्या गठ्ठ्यात होता का, हे मी कधी विचारलं नाही.

उरलेल्या वर्षासाठी मंडळाने मला चिटणीस केलं. बिनविरोध. माझी काही रापण चुकणार नव्हती. घरून तांदूळ येत होते. तरीही मी कचेरीतल्या बाकावर दोनदाच बसलो. एसटी पुन्हा वेळेवर सुटायला लागली आणि लांबची मुलं चालत जायला लागली. वैभववाडीचा मुलगा परीक्षेआधी गावी गेला तो गेलाच. संमेलन मात्र चांगलं झालं, पडदा मखमली होता. माझ्यानंतरचे चिटणीस सगळे वकिलांचे, दुकानदारांचे, आमच्यासारख्यांचे मुलगे. बिनपगारी पदावर पोट भरलेलाच माणूस बसू शकतो, हे समजायला हुशारी लागत नाही. त्याने ते मला किनाऱ्यावर बसून सांगितलं होतं आणि मला तेव्हाच पटलं होतं.

पुढे मी प्राध्यापक झालो. बोलण्याचा पगार तीसेक वर्षं घेतला.

तो मधूनमधून भेटायचा. एकदा बाजारात मासळीच्या लिलावापाशी त्याची गाठ पडली. तोवर आमचे दोघांचेही केस पिकायला लागले होते. मी धीर करून म्हणालो, "त्या भाषणाचं माझ्या मनात राहिलंय रे."

"खयच्या भाषणाचा?" तो म्हणाला. मग हसला. "ता होय! दाम लागला की सेवा संपते. अजून पाठ आसा माका. वाक्या बरी होती रे तुजी."

"वाक्यंच बरी होती."

"मगे झाला तर," म्हणाला आणि कोणीतरी हाक मारली म्हणून तिकडे वळला. क्षमा मागायची राहिली. नंतर मी त्या गावाला जायचं टाळत राहिलो.

त्याच्या मृत्यूचं पत्र मला तेराव्यानंतर मिळालं. मी गेलो. ओटीवर त्याच्या बायकोने चहा दिला आणि मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला.

"तुमीच ते भाषणवाले? आमच्या चेडवाक तुमचा वाक्य त्येंनीच शिकयल्यानी. शाळेत म्हटल्यान नि पयला बक्षीस हाडल्यान."

कौतुकाने तिने आत हाक मारली, पण मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली आहे हे तिला लगेच आठवलं. मी चहा संपवला. निघताना तिने पिशवीत दोन नारळ घातले. मी नको म्हणालो नाही. नको म्हणण्याचा मला काय अधिकार होता, हे मला कळेना.

माझ्या भाषणाचा कागद कधी हरवला, आठवत नाही. त्याचा माझ्याजवळ आहे. सोमवारपासून शनिवारपर्यंत सहा ओळी आणि खाली एक. सभेत मी तो खिशातून काढला नव्हता.