आप्पांच्या सत्काराचा पेढा

शिरूरला कान-नाक-घशाचा दवाखाना टाकला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते नंबर लावून आत येतात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर तर रांगच लागली. कोरोनातून उठलेल्याला म्युकर, म्हणजे काळी बुरशी होते, असं टीव्हीनं सांगितलं होतं. शुगर वाढलेल्यांना धोका जास्त, असं मी सांगत होते. लोक टीव्हीचं ऐकत होते.

*

कवठे येमाईचे एक मामा पिशवीतून कांदा घेऊन आले. टरफलाखाली काळी भुकटी. "मॅडम, टीव्हीवाली बुरशी हीच का? असंल तर कांद्याची चाळच पेटवून देतो."

कांद्यावरची वेगळी, हे मी दहा मिनिटं समजावलं. मामांना पटलं. उठता उठता म्हणाले, "आमच्याकडं फवारायचं बुरशीनाशक हाय. पंपानं नाकात थोडं मारलं तर?"

त्यांच्या सुनेला फोन करून पंप कुलपात ठेवायला लावला.

*

पाटसचे एक ऊस बागायतदार उपाशीपोटी शुगर तपासायला आले. आकडा बघून मीच घाबरले.

"काही खाल्लं नाही ना?"

"न्हाई. वाटंत रस तेवढा पिलो, दोन गलास."

"अहो, उपाशी यायचं होतं!"

"रसानं उपास मोडत न्हाई मॅडम. एकादशीला चालतो."

मी रिपोर्टवरचं 'उपाशीपोटी' खोडून 'रस पिऊन' लिहिलं.

*

न्हावऱ्याचे आप्पा माजी सरपंच. दौंडला पंधरा दिवस ऑक्सिजनवर काढून घरी आले. गावानं सत्कार ठेवला, प्रमुख पाहुणी मी. कोरोनाच्या औषधांनी शुगर चढते, गोड बंद करा, असं मी वीस मिनिटं बजावलं. टाळ्या झाल्या. लगेच फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, आप्पांना पेढा भरवा."

आप्पांच्या बायकोला सगळे काकू म्हणतात. त्या स्टेजखालून म्हणाल्या, "नका देऊ मॅडम. आत्ताच तर तुमी बोल्लात."

"एकानं काय होतंय, काकू," मी म्हटलं. हे वाक्य रोज पेशंट मला ऐकवतात आणि रोज मी त्यांना झापते.

पेढ्याचा तुकडा आप्पांच्या ओठाला चिकटला. काकूंनी खुणावलं तरी त्यांना पत्ता नाही. "दोन दिस झालं, डाव्या गालाला काय कळतच न्हाई," आप्पा हसत म्हणाले. माझं हसू तिथंच गेलं; गाल बधिर होणं ही म्युकरची खूण. गळ्यातला हार उतरवायला न थांबता त्यांना पुण्याला धाडलं.

आप्पा वाचले, डावा डोळा काढावा लागला. बुरशी आधीच आत होती, एका पेढ्यानं काही झालं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी लाज वाटायची ती वाटतेच.

*

गेल्या वर्षी आप्पांच्या घरी गेले. सत्काराचा तो फोटो त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर छापला होता, आणि तो फ्लेक्स आता कांद्याच्या चाळीवर झाकण म्हणून होता. त्यात आप्पा दोन्ही डोळ्यांनी हसत होते. शेजारी मी. पेढा भरवणारा माझा हात होता तिथं मात्र भोक.

"काकू, हे भोक कसलं?"

"उंदरानं कुरतडलं."

कडा कात्रीच्या होत्या. आप्पांनी काळा चष्मा नीट केला.

नातीला नोकरी लागली होती. काकू आतून ताटली घेऊन आल्या, आणि एक पेढा उचलून माझ्या तोंडाशी धरला.

"घ्या मॅडम. एकानं काय होतंय."