बाईंचं गाणं आणि माझं मिक्सिंग

नांदूरघाटच्या शाळेत आम्हाला संगीत शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवला. मी लग्नाचं शूटिंग करतो, म्हणून कॅमेरा माझ्याकडे आला. ग्रुपवर तसं टाकून मी चार दिवस मिरवलोसुद्धा. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. वर्गात बेसूर गाणाऱ्या पोरालाही बाई 'छान' म्हणून हळूच खाली बसवायच्या, त्यात माझा नंबर पहिला असायचा.

बाईंनी नोकरीभर स्वागतगीतं गायली. कुणीही पुढारी येवो, हारतुऱ्यांच्या आधी बाई आणि त्यांची पेटी ठरलेली. घरी मात्र त्या रोज पहाटे ख्यालाचा रियाज करायच्या. लोकांपुढे पूर्ण मैफल ही पहिलीच. कार्यक्रमाआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "गाताना आपलं गाणं आपल्याला कळत नाही रे. मला एकदा बाहेरून ऐकायचंय."

मी मान डोलावली आणि कामाला लागलो.

त्या दोन तास गायल्या. मी पहिल्या रांगेतले साहेब घेतले, मग त्यांचे कार्यकर्ते, मग फेटे आणि शाली. एखादा चेहरा सुटला की शिव्या मलाच बसतात. बाईंचा चेहरा, वर जाणारा हात, तंबोऱ्याच्या तारा, हेही झूम करून सुरेख घेतलं. आवाजाकडे लक्ष द्यायची मला सवयच नाही. लग्नातला आवाज म्हणजे जनरेटर आणि पंगतीचा गलका. तो काढून टाकायचा आणि वर गाणी चढवायची, याला आमच्या धंद्यात मिक्सिंग म्हणतात.

बाईंच्या मैफलीचंही मी तेच केलं. मांजरसुंब्याच्या लग्नाची घाई होती, डिस्क भरली होती, म्हणून मूळ शूटिंग पुसून टाकलं.

पेनड्राइव्ह घ्यायला बाई स्वतः आल्या. इथेच बघू म्हणाल्या. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. पडद्यावर बाईंनी डोळे मिटले, हात उचलला, तोंड उघडलं, आणि वरातीतली सनई वाजायला लागली. देवाशपथ सांगतो, तोपर्यंत मला काही खटकलंच नव्हतं. बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि आपण काय करून बसलो ते कळलं.

त्या शेवटपर्यंत बघत बसल्या. मूळ आवाज कुठे असेल का, असं त्यांनी विचारलं. कार्ड खराब झालं, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. बाकीच्यांच्या मोबाईलवर स्टेटसपुरतं अर्धं मिनिट निघालं, तेही टाळ्यांचं.

बाई रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "असू दे. तू तर सगळ्यांत जवळ होतास. कसं झालं रे माझं गाणं?"

"लई भारी झालतं, बाई."

"त्यातलं काय आवडलं तुला?"

मी वायर गुंडाळायला लागलो. साहेबांच्या फेट्याचा रंग मला आजही सांगता येईल. त्या दोन तासांतला एक सूर आठवेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

बाईंनी चहा संपवला आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवला.

"छान काढलंयस," म्हणाल्या.