पेडण्यात अडकलेला टिपर

कोल्हापूर सोडताना मी भागीदाराला छातीठोकपणे सांगितलं होतं, "चार दिवसांत मारुतीची कॉलर धरून आणतो!" मारुती हा आमच्या ट्रक-बॉडीच्या कारखान्यातला वेल्डर. त्याच्या हातचा सांधा असा, की लोखंड आईच्या पोटातून तसंच जन्मलं असावं. सुर्ल्याला खाणीच्या ट्रकांचं काम आहे म्हणून हा बाबा दोन महिन्यांसाठी गोव्यात गेला, पेडण्याची बायको केली आणि तिथंच चिकटला. तो गेल्यापासून आमची प्रत्येक बॉडी खड्ड्यात बॅण्डपथकासारखी वाजत होती.

घाट उतरून दोडामार्गमार्गे गाडी डिचोलीत शिरली आणि माझं तोंड उघडं पडलं ते सुर्ल्यापर्यंत मिटलंच नाही. गोवा म्हटल्यावर मी समुद्राच्या तयारीनं आलो होतो. इथं रस्ता लाल, ओहोळ लाल, पत्रे लाल, आणि एक मूळची पांढरी म्हैस (मी शपथेवर सांगतो) तीही लाल! पलीकडे डोंगराला पायऱ्या पाडलेल्या. एकेक पायरी एवढी, की राक्षसाच्या लग्नाचं वऱ्हाड पंगतीला बसावं. मधल्या पायऱ्यांवरून तर डोंगरच गायब.

"हितला डोंगर कुठं गेला?" मी शेजारच्या सीटवरच्या शाळामास्तरांना विचारलं.

"जपानाक गेलो," मास्तर पेपरातून मान वर न करता म्हणाले. "उरिल्लो वता."

डोंगर गेला, उरलेला जातोय, हे त्यांनी कोल्हापूरकर पुण्याला गेला अशा सुरात सांगितलं. पुढं त्यांनीच उलगडून सांगितलं. जमिनीच्या पोटात लोखंडाचं खनिज आणि चार-सहा मैलांवर नदी. खाणीतून ट्रक धक्क्यावर जातो, धक्क्यावरून बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) समुद्रात, तिथून मोठं जहाज. पावसाळ्यात समुद्र खवळला की बार्ज बंद, बार्ज बंद की ट्रक बंद. नदी नसती तर हा डोंगर जागेवरच राहिला असता आणि मास्तरांचे विद्यार्थी शेती करत राहिले असते. गोव्याचं राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. पाट्या देवनागरीत, त्यामुळं वाचता सगळं येई; मात्र दर तिसरा शब्द कोकणी निघे आणि माझी शाळा पुन्हा पहिलीपासून सुरू होई.

सुर्ल्यात घरटी ट्रक. अंगणात ट्रक, देवळासमोर ट्रक, एका ठिकाणी तर तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालायला ट्रकाखालून वाकून जावं लागत होतं. मारुतीचा पत्ता विचारत मी सगुण गांवकरांच्या दारात गेलो. त्यांच्याच अंगणात तेवढा ट्रक नव्हता. सगुण येरझाऱ्या घालत होते.

"तुमी त्या मारुतीचे शेट?" ते माझ्यावरच धावले. "तुमच्या मनशान म्हजी गाडी पेडण्यांत पुरून दवरल्या मरे!"

चहाबरोबर उंडे (गोल कडक पाव) आले. मी पाचवा मोडत असताना सगळी हकीकत कळली. सगुणांच्या टिपरचा, म्हणजे खनिज ओतणाऱ्या ट्रकचा, जुना हौदा गंजून गेला, तो सुर्ल्यातच भंगारात घातला. नुसती चासी आणि केबिन घेऊन मारुती पावसाळ्यात सासऱ्याच्या घरी पेडण्याला गेला. तिथं त्यानं नवा हौदा बांधला. आता टिपर बाहेरच निघत नव्हता. दसरा परवावर आलेला. दसऱ्याला ट्रकांची पूजा आणि दुसऱ्या सकाळी खाणीवर रांग. त्या रांगेत जी गाडी उभी असेल तिलाच हंगामभर खनिज वाहायचा नंबर. जी नसेल ती पुढच्या वर्षापर्यंत अंगणातच.

"गाडी येवंक ना, तर ह्या गांवचो एकूय मनीस त्याका काम दिवचो ना," सगुण म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सगुणांच्या स्कूटरवर पेडणं गाठलं. तासाभरात जगच बदललं. इथं माती आपल्याच जागेवर होती! काजू, माड, हिरवी भातं, आणि रस्त्यात एक ट्रक दिसेल तर शपथ. खनिज नाही, कारखाना नाही. सकाळची बस माणसं भरून डिचोली-म्हापशाकडे जाते आणि संध्याकाळी ओतून जाते. अशा गावात ट्रकांचं वर्कशॉप? मारुतीचं डोकं फिरलं, याची माझी खात्री पटली.

मारुती टिपरच्या बोनेटवर डोकं धरून बसला होता. मला बघताच उठला.

"अण्णा! आता तुमीच हसा."

मी हसलो. हौदा इतका देखणा होता की त्यात नवरी बसवून वरात काढावी. पण अंगणातून बाहेर यायची एकच वाट. तिच्या एका अंगाला सासऱ्याच्या घराचा कोपरा, दुसऱ्या अंगाला गडगा (चुन्याशिवाय रचलेली चिऱ्यांची भिंत). केबिन त्यातून आरामात आली होती. हौदा वीतभर जास्त रुंद. आत येणारी वाट मोजून ठेवली आणि बाहेर काय जाणार ते मोजायचं विसरला, असा हा आमचा इंजिनियर!

"हितं कशाला मरायला आलास?" मी विचारलं.

"अण्णा, तिकडं हौदा उभा करायला जागा हाय का? घरटी ट्रक. आन् ट्रक मोकळं कवा असत्यात? पावसाळ्यात. म्हंजी काम चार म्हैनं डिचोलीचं, पर जागा हितली. म्या इच्चार करून आलो."

वीस वर्षं बॉड्या बांधतोय, पण लोखंड एका तालुक्यात आणि कारखाना दुसऱ्यात, हे गणित मला सुचलं नव्हतं.

"आन् ही गाडी न्हाई गेली," तो हळू म्हणाला, "तर म्या तुमच्यासंगं येतोच कोल्हापूरला."

म्हणजे मला फक्त गप्प बसायचं होतं.

गडगा काढला की प्रश्न सुटत होता. पण त्यापलीकडे इंदूकाकीची जमीन. मारुतीचा सासरा दत्ताराम आणि ती, दीर-भावजय, याच गडग्यावरून अकरा वर्षं बोलत नव्हते. कोकणपट्टीत गडगा हलणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्यानं तिथल्या कोर्टात जाऊन बाकं मोजावीत. काकी गडग्यापाशी उभी, दत्ताराम दोन हातांवर, आणि दोघंही माझ्याशी बोलत होते.

"पावण्यानु, तेंका सांगा, चिऱ्याक हात लायलो तर पंचायत हाडीन."

"तिका सांगा, गडगो म्हज्या बापायन घातला."

"वीतभर म्हज्या वाट्यांत घातला, तेंय सांगा!"

मी मान डावी-उजवी करून करून शेवटी मानेचा मणका निसटायची वेळ आली. मग काकी एकदम मारुतीकडे वळली.

"म्हजो पूत प्रकाश काळखांत उठता. दोन बशी बदलून डिचोले वता, दुसऱ्यांची माती उपसून येता. तुजें काम हांगा चल्लें जाल्यार त्याका शिकयतलो?"

"शिकवतो की काकी. उद्यापासनं."

काकीनं पदर खोचला. "मागीर काडा गडगो. पूण आदीं रेघ मारा. आनी ती ह्या पावण्यान मारची. तो कोणाचोच न्हय."

आधी हद्दीची रेघ, मग गडगा, आणि रेघ मारणार मी! आयुष्यात मला साक्षीदार म्हणून कुणी बोलावलं नव्हतं, आणि त्याला कारणंही होती! दत्तारामनंच हातात सुतळी दिली, चुन्याची पाटी दिली. सगळा वाडा जमला. सुतळी चार बोटं काकीच्या बाजूला सरकवली असती, तर तिनं तिथंच काम बंद पाडलं असतं आणि मारुती संध्याकाळच्या गाडीत माझ्या शेजारी असता. माझा अंगठा तिकडे सरकायला बघत होता, हे कबूल करतो. समोर मारुती सुतळीचं दुसरं टोक धरून माझ्याकडे बघत होता. आणि त्याला माझा स्वभाव पुरता ठाऊक होता.

मी सुतळी गडग्याच्या बरोब्बर मध्यावर ताणली. एवढी सरळ रेघ माझ्या हातून पुन्हा होणे नाही.

मग चिरे निघाले. दत्ताराम, सगुण, काकी, शेजारीपाजारी, सगळे हातोहात. ऊन कलायच्या आत टिपर घराच्या कोपऱ्याला दोन बोटं राखून बाहेर आला. काकीनं आम्हा सगळ्यांना पेज आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. मी सात वाट्या प्यालो, लोक तीन म्हणतात.

दसऱ्याला सुर्ल्यात टिपरला झेंडूची माळ घातली. दुसऱ्या सकाळी तो रांगेत उभा राहिला. सगुणांच्या मागचे दोन ट्रकवाले हौद्यावर टकटक करून मारुतीचा पत्ता लिहून घेत होते.

डिचोलीच्या स्टँडवर काकीचा प्रकाश भेटला. काम सोडतो म्हणून खाणीवर सांगायला आला होता.

"गडगो बांदलो?" मी माझ्या नव्या कोकणीत विचारलं.

"ना. आनीक गाडयो येतल्यो न्हय? आई आनी काका रेघेच्या दोनूय वटांनी बसून झगडटात. आतां सरळ एकामेकांकडेन!"

घाट चढताना मागं वळून पाहिलं. आजवर वाटायचं, ज्याच्या पायाखाली खनिज त्याचंच गाव वर येणार. डोंगराचा लाल खड्डा वरूनही दिसत होता. एक दिवस त्यातलं खनिज संपेल, मग घरटी उभे असलेले ते ट्रक काय करतील? पेडणं झाडीत कुठं दडलं ते शोधूनही सापडलं नाही.

कारखान्याच्या दारात भागीदार कमरेवर हात ठेवून उभा.

"मारुती कुठाय?"

"येत नाही. नवा वेल्डर शोधायचा."

"मग चार दिवस तिथं केलंस तरी काय?"

"सुतळी धरली," मी म्हणालो आणि पाय धुवायला आत गेलो.