थॉरमाल, दरवान आणि पाव किलो लवंगी

११ एप्रिल, शनिवार. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या आहेत आणि मी टाकीच्या सावलीत काठी घेऊन कबुतरं हाकते आहे. कबुतरं मिरच्या खात नाहीत, पण वर जे करतात ते मसाल्यात चालत नाही. चार वाजेपर्यंत दुसरं काम नाही, म्हणून ही वही उघडली. आता जे लिहिणार आहे ते मी चौदा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवाला सांगायची गरज नव्हती — तो तेव्हा दुकानाच्या भिंतीवर हार घालून बसलेला होता, त्याने सगळं पाहिलं.

पण आधी थॉरमालबद्दल सांगते. मी विषय टाळते आहे असं वाटेल. टाळतेच आहे.

थॉरमाल हा माझ्या पुतणीच्या व्हिडिओ गेममधला खलनायक. पुतणी सई, सोळा वर्षांची, धाकट्या दिरांची मुलगी. ते नवव्या मजल्यावर राहतात, आम्ही सहाव्या. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा खोल्या वेगळ्या मिळाल्या, पण मोठा टीव्ही आमच्याकडे, त्यामुळे सईही आमच्याकडे. गेले दोन महिने आमच्या हॉलमध्ये सकाळ-संध्याकाळ तलवारी चालतात. थॉरमालला दोन शिंगं आहेत, काळा झगा आहे आणि आवाज असा की पहिल्या दिवशी सासूबाईंनी मिक्सर बिघडला समजून बटण बंद केलं.

आज सकाळी गेम शेवटाला आला. आम्ही सगळे हॉलमध्येच होतो, कारण वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या निवडायच्या होत्या. जमिनीवर जुनी चादर, मधे मिरच्यांचा ढीग, भोवती सासूबाई, मी, माझा नवरा आणि सईची आई सुलभा — माझी धाकटी जाऊ. थॉरमाल गुडघ्यावर पडला आणि बोलायला लागला. सात मिनिटं बोलला! माणूस मरायला टेकला आहे आणि सात मिनिटं बोलतोय. तेवढ्या वेळात माझा एक कुकर होतो.

बोलला ते असं. तो गडाचा सेनापती होता. वीस वर्षं नोकरी. मग कुठून तरी एक नवा तरुण आला आणि राजाने भर दरबारात त्याच्या तलवारीचं कौतुक केलं. थॉरमालला ते लागलं. त्याने रात्री गडाचा दरवाजा आतून उघडून ठेवला, शत्रू आत आला, अर्धं शहर जळलं. मग शिंगं फुटली वगैरे. आता पडद्यावर दोन बटणं आली — माफी आणि शिक्षा. एकदा दाबलं की बदलता येत नाही. सईच्या मैत्रिणींत या प्रश्नावरून दोन तट पडले आहेत आणि दोघीजणी आठवडाभर एकमेकींशी बोलत नाहीत. सईने गेम थांबवला आणि आमच्याकडे वळली.

"बोला. बिचारा आहे की सरळ वाईट आहे?"

"शिंगा काय उगाच इली?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने खटला संपला.

माझ्या नवऱ्याला मात्र थॉरमालचा पुळका आला. "वीस वर्षं सर्व्हिस, आणि सिनियॉरिटी डावलली? हा अन्यायच आहे. फक्त त्याने युनियनकडे जायला हवं होतं."

"काका, तिथे युनियन नाहीये."

"म्हणूनच जळलं ना शहर."

मग सई माझ्याकडे वळली. "काकू, तू?"

मी — मी काय म्हणाले असेन? सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाले, "सरळ वाईट! कौतुक दुसऱ्याचं झालं म्हणून कुणी दरवाजा उघडतं का? दाब शिक्षा. आणि हात धू, मिरचीचे आहेत, रिमोटला लावू नकोस."

सगळे हसले. सुलभा हसली नाही. ती देठं खुडत होती. न थांबता, खाली मान घालून ती म्हणाली, "त्या दरवाजावर कुणी दरवान असेल ना गं? त्याचं काय झालं?"

"अगं आई, तो कुणी नाहीये. त्याच्यावर आळ आला, त्याला हाकलला. त्याला नाव पण दिलेलं नाही, नुसतं दरवान लिहिलंय."

"अच्छा," सुलभा म्हणाली. "मग असू दे."

आणि पुढची मिरची उचलली.

आता सांगते. चौदा वर्षांपूर्वी, याच दिवसांत.

आमच्या घरचा मसाला तोपर्यंत नऊ वर्षं मी करत होते. मालवणी मसाला, तीन घरांना पुरेल एवढा. मिरच्या घ्यायच्या, भाजून घ्यायच्या आणि डंकावर कुटायला बसायचं. डंक म्हणजे लोखंडी मुसळांचं यंत्र, लालबागला गल्लीच आहे त्यांची. तिथली रीत अशी की आपल्या पिशवीवरून नजर काढायची नाही आणि मिरच्यांचं प्रमाण चिठ्ठीवर लिहून आणायचं. त्या वर्षी सुलभाने गिरगावच्या माहेरून आणलेल्या मसाल्याचं कालवण केलं आणि सासरे ताट चाटून म्हणाले, "यंदाचा मसाला हिच्या हातचा." एवढंच. मला कुणी काही वाईट बोललं नाही. मला कुणी काहीच बोललं नाही.

डंकावर आम्ही दोघी गेलो. सई तेव्हा दोन वर्षांची, कडेवर. मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि पोर शिंकून शिंकून लाल झाली. सुलभाने चिठ्ठी माझ्या हातात दिली. "वहिनी, जरा बघता का? हिला बाहेर नेते." चिठ्ठीत सगळं नीट लिहिलेलं होतं. ब्याडगी इतकी, काश्मिरी इतकी, लवंगी पाव किलो.

लवंगी आम्ही डंकाच्या दुकानातूनच घेतो. दुकानदाराने विचारलं, "ताई, लवंगी किती?"

मी म्हणाले, "एक किलो."

लवंगी मिरची काय असते हे माहीत नसलेल्यांनी एक चावून बघावी. मी थांबते.

मग हातात ती चिठ्ठी उरली. सुलभाच्या अक्षरातली, पाव किलोवाली. पर्समध्ये ठेवली तर सापडेल, रस्त्यात टाकली तर — तर काय, लालबागच्या रस्त्यात कोण चिठ्ठी वाचतंय? पण घाबरलेल्या माणसाला एवढं सुचत नाही. मी ती धण्यांच्या पिशवीत सारली. धणे डंकात गेले. मुसळं पडली. म्हणजे गुन्हा मसाल्यात, पुरावाही मसाल्यात, आणि आम्ही सगळ्यांनी तो वर्षभर खाल्ला.

पहिल्या रविवारी कोंबडीचा रस्सा झाला. सासऱ्यांनी एक घोट घेतला, आणि जी उचकी लागली ती दिवेलागणीला थांबली. दीर बाथरूममध्ये नळाखाली जीभ धरून उभे. माझ्या नवऱ्याने डोक्याला टॉवेल गुंडाळला, का ते त्यालाही सांगता आलं नाही. मसाला फेकायचा नाही हा आमच्या घरचा नियम, त्यामुळे वर्षभर प्रत्येक भाजीत नारळाचं दूध आणि गूळ. आमटी लागायची बासुंदीसारखी, पण घशाला आग. मी सगळ्यांबरोबर खात होते, सगळ्यांबरोबर हाशहुश करत होते. तेवढी शिक्षा फुकटात झाली.

सुलभा म्हणाली, "मी पाव किलोच लिहिलं होतं. मला आठवतंय." दोन-तीन दिवस म्हणत राहिली. सासूबाई म्हणाल्या, "चिठ्ठी दाखव." तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले — शांतपणे, मला माझा आवाज अजून आठवतो — "मी दुकानदाराला दिली बाई. असेल चुकून लिहिलं. मूल लहान आहे, होतं असं."

किती समजूतदार वाटले असेन!

तिचं नाव लवंगी पडलं. लग्नाकार्यात अजून म्हणतात, "ही आमची लवंगी, हिला मसाल्याजवळ जाऊ देऊ नका." तीही हसते. मसाला परत माझ्याकडे आला आणि तिच्याकडे आलं देठं काढणं. चौदा वर्षं देठं. पण खरं नुकसान ते नाही. ही बाई आता भाजीत मीठ घातलं की शेजारी असेल त्याला विचारते, "घातलं ना मी?" कुलूप लावून दोनदा खाली येते, दोनदा वर जाते. तिच्या स्वतःच्या हातावरचा तिचा विश्वास गेला. तिला वाटतं, मी लिहिते एक आणि होतं भलतंच. हे मी केलं.

आता इथे मला माझी सात मिनिटं घेता येतील. नऊ वर्षं राबले, कुणी शब्दाने विचारलं नाही, नवी आली आणि ताट चाटलं — पाठ आहे सगळं, चौदा वर्षं स्वतःला ऐकवलंय. थॉरमालपेक्षा बरं बोलते मी. शिंगंही फुटली असतील. केस दाट आहेत, दिसली नसतील.

पण बिचारी की वाईट, हा प्रश्न माझ्याबद्दलच झाला ना? सकाळीही अर्धा तास आम्ही त्या शिंगवाल्याबद्दलच बोललो.

सईने बटण दाबलं नाही. आईचं बोलणं तिला लागलं की काय कोण जाणे. ती गेममध्ये मागे गेली आणि दरवान शोधत बसली. जेवायच्या आधी ओरडली, "सापडला!" शहराबाहेर एका पुलाखाली उभा होता, फाटक्या कपड्यांत. त्याच्याजवळ गेलं की तो एकच वाक्य बोलतो, इंग्रजीत. सईने सासूबाईंसाठी मराठीत सांगितलं. "तो म्हणतो, दार मी लावलं होतं. मला आठवतंय."

"आणि?"

"बस. शंभर वेळा विचारलं तरी तेवढंच म्हणतो."

सुलभा भात वाढत होती. मला म्हणाली, "वहिनी, वरणात मीठ घातलं ना मी?"

मी म्हणाले, "घातलंस." आणि मिरच्यांची चादर उचलून गच्चीवर आले.

चार वाजले. कबुतरं गेली.

१२ एप्रिल, रविवार. सकाळी नऊला सगळे आमच्याकडे पोह्यांना जमले. मी उभ्याने सांगितलं. चिठ्ठीवर पाव किलो होतं, एक किलो मी सांगितलं, मुद्दाम सांगितलं, सुलभाची काही चूक नव्हती. सासूबाईंचा चमचा थांबला.

"आणि चिठ्ठी?"

"कुटली."

"म्हणजे आमी खाल्लंव?"

"हो."

नवऱ्याने टॉवेल शोधल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. सई माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे. सुलभाने बशी खाली ठेवली, फोनजवळचा कागद घेतला, प्रमाण लिहिलं. लवंगीपाशी थांबली नाही. कुणाला काही विचारलं नाही. वाळलेल्या मिरच्यांची पिशवी उचलून सईला घेऊन ती डंकावर गेली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या खेपेसाठी ठेवलेल्या दोन किलो मिरच्या निवडायच्या राहिल्या होत्या. मी चादर पसरली, पाट ओढला आणि देठं काढायला बसले.