पठारावरचं वाढतं पाणी

मी आज जो काही आहे तो ढवळे बाईंमुळे. परंड्याच्या शाळेत त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बाईंनी मला एम.एस्सी.पर्यंत ढकलत नेलं आणि नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या शिष्यवृत्तीचा अर्जही आधी त्यांनीच वाचला.

निघालो त्या सकाळी स्टँडवर आई-वडील आणि बाई आले होते. तिबेटच्या पठारावरची सरोवरं उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजायला चाललोय, असं मी आईला चारदा समजावलं होतं. ती म्हणाली, "पाणी मोजायला इतक्या लांब? हितं हाय तेवढं मोज की." वडील हसले. बाई मात्र बसच्या खिडकीपाशी येऊन म्हणाल्या, "दत्ता, ती सरोवरं किती आटली ते कळव. पोरांना दरवर्षी सांगते, पण माझ्याकडे आकडा नाही."

इथे मी कालव्याकाठून फीट्सवर विद्यापीठात जातो. सायकल हा शब्द आता तोंडात येत नाही. कालव्याचं पाणी मे महिन्यातही जिथल्या तिथे असतं. पहिल्या उन्हाळ्यात मी थांबून बघायचो, आज तरी खाली गेलं का. परंड्याचा तलाव दिवाळीनंतर मागे सरकायला लागतो आणि चैत्रात त्याचं डबकं होतं.

छायाचित्रांतलं पठार मला त्या मानाने ओळखीचं वाटलं. कडक ऊन, कोरडी हवा, थोडा पाऊस. कित्येक नद्या समुद्राकडे न जाता सरोवरातच थांबतात. पाण्याची वाफ होते, मीठ राहतं. उतारांवर जुन्या काठांच्या रेघा दिसतात, बशीत चहा वाळल्यावर उरतात तशा. बाईंचं बरोबरच होतं.

थीसिसला दोन महिने उरले असताना शेजारच्या टेबलावरच्या गौरीने छायाचित्रांतलं पाणी मोजणारा माझा कॉम्प्युटर प्रोग्राम तपासायला घेतला. ती पुण्याची, इथे पीएच.डी. करते.

"दत्ता, ही ओळ कशासाठी?"

"सरोवर आधीपेक्षा मोठं दिसलं की ते छायाचित्र वगळायचं. ढगाची सावली असते, नाहीतर बर्फ."

"बघितलंस उघडून?"

"बघायचं काय? पाणी वाढेल कसं?"

तिने खुर्ची ओढली. "अरे बाबा, हा तुझ्या परंड्याचा तलाव नाही."

वगळलेली छायाचित्रं आम्ही एकेक करून उघडली. एका सरोवराच्या काठाने कच्चा रस्ता जात होता. काही वर्षांनंतरच्या छायाचित्रात तो पाण्यात शिरत होता. त्याच्या पुढच्या वर्षी वरच्या अंगाने नवा रस्ता काढलेला. सावलीला भिऊन कुणी रस्ता हलवत नाही.

आठ महिन्यांचं काम पुन्हा करायचं होतं. त्याहून अवघड म्हणजे बाईंचा निरोप येऊन पडला होता: "सोमवारी तो धडा आहे. आकडा पाठव." चार दिवस मी उत्तर दिलं नाही.

"व्हॉट्सॲपवर टाक ना," गौरी म्हणाली.

"बाईंची चूक व्हॉट्सॲपवर काढू?"

"चूक तुझी आहे. बाईंना मध्ये कशाला ओढतोस?"

मग मी कागदावर लिहिलं आणि त्याचा फोटो पाठवला.

ती. बाईंना सा. न.

आपण आकडा मागितला होता. पण पठाराच्या आतल्या भागातली बरीच सरोवरं आटत नाहीत, गेल्या काही दशकांत ती वाढताहेत. दक्षिणेकडची काही आक्रसली आहेत. आपण शिकवलंत ते हजारो वर्षांचा काळ धरला तर खरं आहे. आता मात्र पाऊस वाढलाय, हिमनद्या वितळताहेत आणि मेंढपाळांची कुरणं पाण्याखाली जाताहेत.

हे मला आठ महिने दिसलं नाही. वाढलेलं पाणी मी चूक समजून काढून टाकत होतो. आपल्या गावचं पाणी डोळ्यांत घेऊन मी सगळीकडे बघतो, हे मला इथे येऊन कळलं. घर म्हणतात ते हेच असावं. त्याची लाज वाटत नाही, फक्त आता तपासून बघतो.

आकडा अजून पक्का नाही. पावसाचं पाणी किती आणि बर्फाचं किती, तेही मला नीट सांगता येत नाही. सोमवारी मुलांना आधी उत्तर सांगू नका. जिथून एकही नदी बाहेर पडत नाही, अशा सरोवराचं पाणी वाढलं तर ते आलं कुठून, एवढंच विचारा. कोण काय म्हणतं ते मला लिहून पाठवा. मला उपयोग होईल.

आपला विद्यार्थी,
दत्ता