पूर्वीचा आजार : नाही

विम्याच्या धंद्यात किस्से शोधत हिंडावं लागत नाही. माणूस फॉर्म भरायला बसला की खोटं बोलतो, आणि खोटं बोलला की किस्सा झालाच म्हणून समजा! गोंदियातल्या आमच्या ऑफिसात असे इतके साचलेत की मित्र जमले की फर्माईश सुरू होते. त्यातला एक मी टाळत आलोय. आज तोही सांगून टाकतो, पण सुरुवात बोपचेभाऊंपासून करायला हवी.

*

बोपचेभाऊ माझे भागीदार. त्यांच्या पिशवीत दोन फायली असायच्या, एकीत विम्याचे फॉर्म आणि दुसरीत लग्नाच्या मुलामुलींचे बायोडाटा. घरोघर फिरणारा माणूस, सोयरिका जुळवणं ओघानंच आलं. त्यामुळे त्यांच्यासमोर कुणाला कसलाच आजार नसायचा. 'पूर्वीचा आजार' हा रकाना आला की अख्खा जिल्हा ठणठणीत! एका गृहस्थांनी इन्सुलिनची बाटली आमच्याच फ्रिजमध्ये ठेवायला दिली आणि मधुमेहापुढे 'नाही' लिहायला लावलं. घरी लग्नाची मुलगी होती ना.

मी बोपचेभाऊंना म्हटलं, हे काही खरं नाही. ते शांतपणे म्हणाले, "फॉर्मात खोटं चालून जाते साहेब. सोयरिकीत मी चालू देत नाही."

तेव्हा मी हसलो होतो.

*

एसटीडी बूथ बंद पडायला लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. एका शाळेतले सहा शिक्षक उत्तराखंडात स्कीइंग शिकायला निघाले. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरचा! पुढारी होते खेळाचे शिक्षक रहांगडाले सर. त्यांनी जवळच्या बिरसी गावातल्या एका शेतात तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावर सराव लावला. पायाला बांबूच्या कामट्या बांधायच्या आणि वरून घसरत यायचं. पहिल्याच दिवशी सरांचा घोटा मुरगळला. लंगडत ऑफिसात आले आणि विचारू लागले, हे पॉलिसीत बसेल का?

"सर, पॉलिसी बर्फाची हाय," बोपचेभाऊ म्हणाले. "तणसाची नाही."

*

पॉलिसी निवडायला सगळे एका दुपारी आले. समोर दोन होत्या. साधी प्रवासाची, त्यात साहसी खेळांना नकार. रहांगडाले सरांचं म्हणणं, हा खेळ नाहीच, प्रशिक्षण आहे! दुसरीत स्कीइंग चालत होतं, सुटकेसाठी हेलिकॉप्टरसुद्धा होतं, पण तब्येतीची सगळी माहिती लिहून द्यायची होती.

सगळ्यांत लहान होती शीतल, प्राथमिकच्या मुलांना शिकवणारी. एकेक कलम तीच मोठ्यानं वाचत होती. मृत्यू झाल्यास देह घरी पोचवू, हे कलम आलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बिरसीच्या विमानतळावर उतरवतील? मग घेऊन टाका हीच. येताना तरी विमानात बसायला मिळेल."

सगळे हसले. मीही हसलो. दुसरी पॉलिसी ठरली. 'पूर्वीचा आजार' या रकान्यात सहाही जणांनी 'नाही' सांगितलं, कारण बोपचेभाऊ शेजारीच बसले होते.

*

दुसऱ्या दिवशी बोपचेभाऊ बाहेरगावी गेले असताना शीतल एकटी आली. तिनं पर्समधून सिकलसेलचं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. रक्तातला आजार, आईबापांकडून येणारा. आमच्या भागात नवा नाही. ती रुग्ण नव्हती, नुसती वाहक होती. वाहक बहुतेक धडधाकट असतो, तशी तीही होती.

"सर, हे लिहायला पाहिजे का?" तिनं विचारलं. बोपचेभाऊंनी आणलेल्या स्थळाचा होकार आठवड्यापूर्वीच आला होता, साखरपुडा परतल्यावर होता. फॉर्मवर लिहिलं तर बोपचेभाऊ वाचतील, अशी तिला धास्ती होती. बाबूजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, कुणाजवळ बोलू नको म्हणून बजावलं होतं. पण बर्फ तिला लग्नाआधी एकदा पाहायचाच होता.

मी काय सांगावं? मी म्हटलं, वाहकाला काही होत नसतं, राहू दे. कुणाला सांगणार नाही म्हणून शब्दही दिला. डोंगरावरच्या विरळ हवेत वाहकाचंही रक्त बिघडू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं तर विचारायला हवं होतं, मी ते केलं नाही.

*

कंपनीचं पत्र आलं ते शीतलच्या तेराव्यानंतर. आजार लपवल्यामुळे दावा नामंजूर. सोबत फॉर्मची झेरॉक्स होती, आणि तो 'नाही' माझ्या अक्षरातला होता. पुण्याचा एक अधिकारी फोनवर मला विचारत होता, तुमच्याकडे लोक फॉर्म वाचत नाहीत का हो?

वाचतात. तिनं मोठ्यानं वाचला होता. तिचा देह बिरसीला उतरला नाही, सहकाऱ्यांनी तो गाडीतून आणला, अडीच दिवस लागले.

*

आता त्याआधीचा तो फोन, जो मी टाळत आलोय. शीतलच्या डाव्या कुशीत दोन दिवस कळा येत होत्या. थंडी बाधली म्हणून सोबतच्यांनी गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ती बेशुद्ध झाली, तेव्हा खालच्या दवाखान्यात नेलं. सहकाऱ्यांना काही माहीत नव्हतं. पॉलिसीवर आमचा नंबर होता म्हणून डॉक्टरचा फोन ऑफिसात आला. सहकाऱ्यांचा निरोप मिळताच बाबूजी आधीच धावत आले होते. मी होतो, बोपचेभाऊ होते. स्पीकर चालू होता.

डॉक्टरनं विचारलं, "पहले से कोई बीमारी? खून की, कुछ भी? जल्दी बताइए."

बाबूजींनी बोपचेभाऊंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. दिलेला शब्द पाळत होतो!

"नहीं साहब," बाबूजी म्हणाले. "कुछ नहीं."

फोन ठेवला गेला. मग बोपचेभाऊ म्हणाले, "बाबूजी, सिकलचं काऊन नाही सांगितलं? बाप सांगते म्हणून मी मधात बोललो नाही."

बाबूजी पांढरे पडले. "तुमाले कोणी सांगितलं?"

"तुमच्या गावच्या नर्सबाईनं. सोयरिकीआधी मी विचारतोच," बोपचेभाऊ म्हणाले. "पोराचं रक्त तपासून घेतलं, तो साफ हाय. त्याच्या बापाले मी सगळं सांगितलं. होकार त्याच्यानंतर आला."

मी डॉक्टरचा नंबर फिरवू लागलो. लाइन लागत नव्हती.